शुगरचा पाय: हाडात जंतू आहेत की नाहीत?

"दुखत तर काय नाही की!" निपाणी-खानापूरकडचा शुगरचा पेशंट तळपायाची जखम दाखवताना हमखास हे बोलतो, आणि डॉक्टरला नेमकी त्याचीच काळजी वाटते. वर्षानुवर्षं वाढलेल्या साखरेनं पायाच्या नसा बधिर होतात. उसाच्या सरीत काटा घुसला, चप्पल चावली, तरी पत्ता लागत नाही. जखम खोल जाते आणि जंतू हाड गाठतात. हाच ऑस्टिओमायलायटिस.

हाडातलं ३० ते ५० टक्के खनिज गेल्याशिवाय एक्स-रेत काही दिसत नाही, म्हणजे पहिले दोन-तीन आठवडे फिल्म साफ. जखमेत बोथट सळई घालून हाड लागतं का ते पाहणं ही जुनी, जवळपास फुकटातली तपासणी. ती टाळून थेट महागड्या स्कॅनकडे धावणं मला पटत नाही. पुढं ईएसआर (अंगातली सूज दाखवणारी रक्ततपासणी), एमआरआय. बहुतेकांचा निकाल इथंच लागतो.

घोळ होतो तो शारको पायात. बधिर पायाची हाडं नकळत मोडत, सरकत राहतात. पाय लाल, गरम, सुजलेला. संसर्गातही तसंच. एमआरआयलाही फरक करणं जड जातं. उपचार मात्र पार वेगळे: शारकोला प्लास्टर आणि पायावर भार नाही; संसर्गाला साधारण सहा आठवडे अँटिबायोटिक किंवा ऑपरेशन. निदान चुकलं तर बोट विनाकारण जाईल, नाहीतर संसर्ग वर चढत राहील.

अशा वेळी न्यूक्लिअर मेडिसिन, म्हणजे किरणोत्सारी औषध देऊन केलेले स्कॅन, कामी येतं. साध्या बोन स्कॅनमध्ये हाडात जाणाऱ्या औषधाला जोडून शिरेतून दिलेलं किरणोत्सारी टेक्निशियम, हाड जिथं नव्यानं घडतंय तिथं जमतं. तो निगेटिव्ह आला तर संसर्ग बहुधा नाही. पण पॉझिटिव्ह शारकोतही येतो. म्हणून पांढऱ्या पेशींचा स्कॅन. पेशंटचंच सुमारे ५० मिलि रक्त काढून त्यातल्या पांढऱ्या पेशी वेगळ्या करतात, त्यांना टेक्निशियम जोडतात आणि परत शिरेत सोडतात. जंतूंवर धावून जाणं हे या पेशींचं कामच. गॅमा कॅमेऱ्यात चार तासांनी दिसलेला ठिपका २०-२४ तासांनी आणखी ठळक झाला, तर संसर्गाचा संशय बळावतो. तो ठिपका हाडात आहे की नुसत्या मांसात, हे सोबतच्या सीटीवरून कळतं.

तरी एक मेख उरतेच. शारको पायात अस्थिमज्जा नव्यानं तयार होऊ शकते, आणि जंतू नसतानाही पांढऱ्या पेशी तिथं जमतात. मग मज्जेत जमणारं किरणोत्सारी सल्फर कोलॉइड देऊन मज्जेचा वेगळा स्कॅन करतात. दोन्ही चित्रं जुळली तर ती मज्जा. पेशी दिसतात पण मज्जा दिसत नाही, तर तिथं जंतू. मला ही युक्ती फार आवडते.

बेळगावसारख्या ठिकाणी टेक्निशियमची आणखी एक सोय आहे. ते मोलिब्डेनम-९९ पासून मिळतं, आणि मोलिब्डेनम निम्मं व्हायला ६६ तास लागतात. त्यामुळं मोलिब्डेनम भरलेला डबा (जनरेटर) लांबून गाडीनं आणून रोज थोडंथोडं टेक्निशियम काढता येतं. पेट स्कॅनचं किरणोत्सारी औषध, एफडीजी, ११० मिनिटांत निम्मं होतं. नऊ तासांच्या रस्त्यानंतर तीन टक्क्यांच्या आसपासच उरेल. टेक्निशियम स्वतः सहा तासांत निम्मं होतं, म्हणजे दिवसभरानंतर अंगात सोळावा हिस्साच उरतो. शिवाय काही लघवीवाटेही जातं.

जंतू कुठला, हे स्कॅन सांगत नाही. त्यासाठी हाडाचा तुकडा कल्चरला (लॅबमध्ये जंतू वाढवून पाहायला) द्यावा लागतो. आधीपासून अँटिबायोटिक चालू असेल तर ते डॉक्टरांना सांगावं. आणि दुसऱ्या दिवशीचे फोटो असतात, तेव्हा खानापूर-चंदगडकडच्यांनी मुक्कामाच्या तयारीनंच निघावं.