वाहन-रिकॉल : इंधनवाहिनीतील दोष आणि विक्रेत्याची कार्यपद्धती

विकल्या गेलेल्या मोटारगाड्यांत रचनेचा, साहित्याचा अथवा जुळणीचा दोष असून त्यामुळे सुरक्षिततेस धोका संभवतो असे निष्पन्न झाल्यास, उत्पादकाने त्या गाड्या परत बोलावून दोष विनामूल्य दूर करण्याची पद्धत म्हणजे रिकॉल. यात गाडी कारखान्यात परत जात नाही. ती अधिकृत विक्रेत्याच्या (डीलरच्या) वर्कशॉपमध्ये येते, आणि बहुतेक वेळा त्याच दिवशी मालकाच्या हाती परत जाते. घोषणा उत्पादक करतो, प्रत्यक्ष काम विक्रेता करतो. टाकीपासून इंजिनापर्यंत पेट्रोल वा डिझेल नेणाऱ्या नळ्या, त्यांचे सांधे व सभोवतालचे सुटे भाग यांतील गळतीमुळे होणारे रिकॉल हा यातला सर्वांत तातडीचा वर्ग मानला जातो. प्रस्तुत नोंद मुख्यतः त्याविषयी आहे.

उगम : ही पद्धत नेमकी केव्हा सुरू झाली याविषयी एकमत नाही. बहुतेक संदर्भग्रंथ अमेरिकेतील १९६६च्या राष्ट्रीय वाहतूक व मोटार वाहन सुरक्षा कायद्यापासून सुरुवात धरतात. दुसरे मत असे, की त्याच्या कितीतरी आधीपासून उत्पादक आपल्या विक्रेत्यांना तांत्रिक परिपत्रके पाठवीत आणि गाडी एरवीच्या सर्व्हिसिंगला आली की सदोष भाग गुपचूप बदलला जाई. तेव्हा पद्धत जुनी, कायदा नवा. हे खरे असले तरी त्या काळी मालकाला काहीच कळवले जात नसे, आणि जो मालक गाडी बाहेरच्या गॅरेजमध्ये दाखवी त्याच्यापर्यंत दुरुस्ती पोचतच नसे. मालकाला कळवण्याचे बंधन हे रिकॉलचे व्यवच्छेदक लक्षण मानले, तर १९६६ हेच वर्ष स्वीकारणे सयुक्तिक ठरते. मात्र एक गोष्ट अनेक नोंदींतून निसटते : मूळ कायद्याने फक्त कळवणे सक्तीचे केले होते. दोष फुकट दुरुस्त करून देण्याची सक्ती १९७४च्या दुरुस्तीने आली. मधल्या आठ वर्षांत पत्र आले तरी बिल कोणी भरायचे हा प्रश्न कायद्याच्या दृष्टीने मोकळाच होता.

जपानमध्ये हाच प्रवास वेगळ्या वाटेने झाला. तेथील उत्पादक परदेशात जाहीर केलेले दोष मायदेशी झाकून ठेवतात, असा बोभाटा झाल्यावर १९६९मध्ये दोष सरकारला कळवण्याचा नियम करण्यात आला. नियम असूनही काय होऊ शकते ते २०००मध्ये मित्सुबिशी मोटर्सच्या प्रकरणात दिसले : ग्राहकांच्या तक्रारींचे कागद सरकारी तपासनिसांपासून दडवून ठेवले जात आणि दुरुस्ती विक्रेत्यांमार्फत परस्पर उरकली जात असे. जुनी गुपचूप पद्धत नव्या नियमाच्या पोटात जिवंत राहिली होती.

इंधनगळतीच्या दृष्टीने दोन अमेरिकी प्रकरणे महत्त्वाची आहेत. पहिले जनरल मोटर्सच्या क्वाड्राजेट कार्ब्युरेटरचे (कार्ब्युरेटर म्हणजे इंजिनासाठी हवेत पेट्रोल मिसळणारा भाग). १९६५-६६च्या काही शेव्हरोले व ब्यूइक गाड्यांत कार्ब्युरेटरच्या इंधनप्रवेशाचे छोटे बूच निघून येई आणि पेट्रोल तापलेल्या इंजिनावर सांडे. इंजिनाला आग लागू शकणारा दोष हा मुळातच सुरक्षिततेचा दोष आहे, त्यासाठी किती माणसे भाजली याचा हिशेब दाखवण्याची गरज नाही, अशा आशयाचा निर्णय अपील न्यायालयाने १९७७मध्ये दिला. आज इंधनवाहिनी ठिबकत असल्याचे आढळताच अपघाताची वाट न पाहता रिकॉल जाहीर होतो, त्यामागे हा निर्णय आहे.

दुसरे प्रकरण फोर्ड पिंटोचे. ते अधिक गाजले आणि अधिक गैरसमजांत अडकले. मागून धडक बसली की टाकीत पेट्रोल भरण्याची नळी उपटून निघे व टाकीला भोक पडे. १९७८मध्ये सुमारे १५ लाख गाड्या परत बोलावण्यात आल्या. विक्रेत्यांनी काय बसवले? आत अधिक खोलवर जाणारी भरणनळी आणि टाकीपुढे प्लॅस्टिकची ढाल. या प्रकरणाशी कंपनीचे १९७३चे एक टिपण कायमचे जोडले गेले आहे. त्यात एका मानवी जिवाची किंमत २ लाख डॉलर आणि प्रत्येक गाडीमागील सुधारणेचा खर्च ११ डॉलर धरला होता. कंपनीने हा हिशेब करून पिंटो मुद्दाम असुरक्षित ठेवली, असे सर्रास लिहिले जाते. मूळ कागद तपासलेल्या अभ्यासकांच्या मते ते टिपण गाडी उलटल्यावर होणाऱ्या गळतीविषयी होते, मागच्या धडकेविषयी नव्हे; ते एकट्या पिंटोचेही नव्हते, आणि वाहनसुरक्षेच्या सरकारी नियामक संस्थेपुढे मांडण्यासाठी तयार केले होते. जिवाचा तो आकडाही नियामकांच्याच हिशेबातून घेतलेला होता. हे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. अर्थात त्यामुळे टाकीच्या रचनेतला दोष नाहीसा होत नाही.

दोषाचे स्वरूप : इंधनवाहिनी पोलादाची, नायलॉनची किंवा अस्तर दिलेल्या रबराची असते, सांध्यांवर खटक्याने बसणारे प्लॅस्टिकचे कनेक्टर असतात. साध्या पेट्रोल इंजेक्शन पद्धतीत नळीतील दाब ३ ते ४ बार (बार हे दाबाचे एकक), थेट इंजेक्शनच्या पेट्रोल इंजिनात पंपापुढे तो १५० ते २०० बार वा अधिक, तर कॉमन-रेल डिझेलमध्ये (एकाच उच्चदाब नळीतून सर्व सिलिंडरांना इंधन पुरवणाऱ्या पद्धतीत) १,६०० बारांच्या पुढे जातो. म्हणून एकाच ‘गळती’ या शब्दाखाली अगदी भिन्न गोष्टी येतात : कमी दाबाची नळी ठिबकते, उच्च दाबाची चिरली तर धुक्यासारखा फवारा उडतो. पेट्रोलची वाफ उणे ४० अंश सेल्सियसच्या आसपासही पेट घेऊ शकते, त्यामुळे त्याचा वास हीच पहिली सूचना. डिझेल तुलनेने सुस्त. ते बहुधा पार्किंगमध्ये गाडीखाली पडलेल्या डागातून कळते.

दोषाची कारणे साधारणतः चार प्रकारची. जुळणी करताना नळी चिमटली जाणे किंवा तिला खरचटणे, क्लिप चुकल्याने ती शेजारच्या भागावर घासत राहणे, रबर वा प्लॅस्टिक इंधनाने फुगणे किंवा तडकणे, आणि गंज. घासण्याचे उदाहरण भारतातच आहे : २०१६मध्ये फोर्ड इंडियाने सुमारे ४८,००० डिझेल इकोस्पोर्ट गाड्या इंधन व ब्रेकच्या नळ्या एकत्र धरणाऱ्या क्लिप नव्याने बसवण्यासाठी बोलावल्या होत्या. फुगण्याचे उदाहरण डेन्सो कंपनीच्या इंधनपंपांचे. पंपातील प्लॅस्टिकची पंखी इंधन शोषून फुगे, कवचाला घासे आणि गाडी चालता चालता बंद पडे. या पंपांपायी जगभर लाखो गाड्या बोलावण्यात आल्या. होंडाने भारतात २०२०मध्ये ६५,६५१ आणि २०२१मध्ये ७७,९५४ गाड्यांचे इंधनपंप बदलण्याची घोषणा केली.

विक्रेत्याची कार्यपद्धती : घोषणा होताच विक्रेत्याकडे सदोष गाड्यांच्या चासी क्रमांकांची यादी येते. दोष बहुधा विशिष्ट तारखांच्या दरम्यान बनलेल्या गाड्यांत असतो, त्यामुळे मॉडेल व रंग सारखे असलेल्या दोन शेजाऱ्यांच्या गाड्यांपैकी एकीलाच बोलावणे येते आणि दुसरा फोन करून करून सर्व्हिस अॅडव्हायझरला हैराण करतो. पहिले काम मात्र ग्राहकांचे नसून यार्डचे असते : न विकलेल्या गाड्या वेगळ्या काढून त्यांची डिलिव्हरी थांबवणे. अमेरिकेत रिकॉलची सूचना मिळाल्यावर दुरुस्तीविना नवी गाडी ग्राहकाच्या ताब्यात देण्यास विक्रेत्याला कायद्याने मनाई आहे. जुन्या गाड्यांच्या विक्रीला ही मनाई संघीय कायद्यात नाही. भाड्याने दिल्या जाणाऱ्या गाड्यांना ती २०१५च्या कायद्याने लागू झाली, तीही ३५ वा त्याहून अधिक गाड्या बाळगणाऱ्या कंपन्यांपुरती.

विक्रेत्याची खरी कसोटी ‘गाडी चालवूच नका’ अशी सूचना निघाल्यावर लागते. जुलै २०१२मध्ये फोर्डने नुकत्याच बाजारात आलेल्या एस्केप मॉडेलच्या, १.६ लिटर इंजिनाच्या सुमारे ११,५०० गाड्यांबाबत तशी सूचना काढली. इंजिनाच्या कप्प्यातील इंधनवाहिनी चिरून पेट्रोल गळण्याचा धोका होता. एरवी मालक गाडी घेऊन येतो; येथे विक्रेत्याने मालकाच्या दारी जाऊन बदली गाडी द्यायची आणि सदोष गाडी उचलून वर्कशॉपला आणायची, असे ठरले. चालवल्यास पेटू शकणारी गाडी चालवत घेऊन या, असे सांगणे विसंगत ठरले असते, हे उघड आहे. तरीही बहुसंख्य रिकॉलमध्ये नेमके तेच सांगितले जाते.

वर्कशॉपमधील काम असे. जॉब कार्ड उघडून चासी क्रमांक यादीशी ताडला जातो. गाडी वेल्डिंग व ग्राइंडिंगपासून दूर, मोकळ्या हवेच्या बेवर (दुरुस्तीच्या जागेवर) घेतात. अग्निशामक हाताशी ठेवतात. पेट्रोल गाडीत इंधनपंपाचा फ्यूज किंवा रिले काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवले जाते, म्हणजे नळीतला दाब उतरतो. मग बॅटरीची ऋण तार सोडतात. यानंतरही सांधा सोडताना थोडे पेट्रोल उडतेच, म्हणून त्याभोवती फडके धरतात. नवी नळी जुन्याच वाटेने, प्रत्येक क्लिपमध्ये दाबून, गरम वा हलत्या भागांना न शिवता न्यायची असते. कनेक्टर ‘टक्’ असा आवाज देऊन बसला की नळी ओढून पाहायची. नंतर फ्यूज व बॅटरीची तार पुन्हा जोडून, स्टार्टर न मारता फक्त चावी दोन-तीनदा फिरवून दाब भरतात व प्रत्येक सांधा टॉर्चच्या उजेडात तपासतात. एवढे झाल्यावरच इंजिन सुरू करायचे. कॉमन-रेल डिझेलमध्ये इंजिन बंद केल्यावर काही मिनिटे थांबणे अनिवार्य असते, आणि सोडलेली उच्चदाब नळी बहुतेक उत्पादक पुन्हा वापरू देत नाहीत. काढलेला भाग चासी क्रमांकाची चिठ्ठी लावून जपून ठेवतात. उत्पादकाकडून मजुरीचा दावा मंजूर होण्यासाठी तो दाखवावा लागतो. या मजुरीचा दर नेहमीच्या कामापेक्षा कमी असतो अशी विक्रेत्यांची जुनी कुरकूर आहे.

भाग उपलब्ध नसणे हा नेहमीचा अडथळा. अमेरिकेत उत्पादकाने नियामकाला कळवल्यापासून ६० दिवसांत मालकांना पत्र पाठवायचे असते. भाग तयार नसले तर आधी धोका सांगणारे आणि नंतर बोलावणारे, अशी दोन पत्रे जातात. मधल्या काळातल्या ग्राहकाला तोंड विक्रेत्याला द्यावे लागते.

भाग बदलावा की गळती नुसती पकडावी, हा अलीकडचा वाद आहे. २०२२च्या अखेरीस फोर्डने १.५ लिटर इंजिनाच्या पाच लाखांहून अधिक एस्केप व ब्रॉन्को स्पोर्ट गाड्यांच्या तडकणाऱ्या इंजेक्टरसाठी (इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या भागासाठी) रिकॉल काढला; उपाय म्हणून इंजेक्टर न बदलता दाब घसरल्याची सूचना देणारे सॉफ्टवेअर व गळलेले पेट्रोल तापल्या भागांपासून दूर नेणारी निचरा-नळी देण्यात आली. हे पुरेसे आहे का, याची चौकशी नियामकाने २०२४मध्ये सुरू केली आणि २०२५मध्ये सुमारे ७ लाख गाड्यांचा नवा रिकॉल निघाला. टीकाकारांचे म्हणणे सबळ ठरले, असे यावरून म्हणता येईल.

भारत : येथे दीर्घकाळ कायदाच नव्हता. मारुती सुझुकीने फेब्रुवारी २०१०मध्ये ए-स्टारच्या सुमारे १ लाख गाड्या इंधनगळतीच्या शक्यतेमुळे बोलावल्या, तेव्हा ती कंपनीची स्वेच्छा होती. त्याच वर्षी काही नॅनो गाड्या पेटल्यावर टाटा मोटर्सने मोफत सुरक्षा-सुधारणा देऊ केली, पण हा रिकॉल नव्हे असे आवर्जून सांगितले. जुलै २०१२मध्ये वाहन उत्पादकांच्या ‘सियाम’ या संघटनेने स्वेच्छेची आचारसंहिता आणली. एप्रिल २०१४मध्ये मारुतीने अर्टिगा, स्विफ्ट व डिझायरच्या १,०३,३११ गाड्यांची भरणनळी बदलायला घेतली. पंपाचा ऑटो-कट झाल्यावरही इंधन भरत राहिल्यास वास येणे व क्वचित गळती होणे, असा तो दोष होता. ‘राउंड फिगर करा’ म्हणणारा ग्राहक हे आपल्याकडचे नित्याचे दृश्य असल्याने हा दोष येथे उघडकीस येणे स्वाभाविक होते.

मोटार वाहन (सुधारणा) कायदा २०१९ने कलम ११०-अ घालून रिकॉलला वैधानिक आधार दिला. नियम १ एप्रिल २०२१पासून अमलात आले. सात वर्षांपेक्षा कमी वयाच्या गाड्यांना ते लागू असून सरकारला सक्तीचा रिकॉल काढावा लागल्यास १० लाख ते १ कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. दोष आपणहून कळवणाऱ्या उत्पादकाला दंड नाही. तपासणीचे काम पुण्यातील एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेसारख्या संस्थांकडे येते. कलमाचा सगळा रोख उत्पादक, आयातदार व बाहेरून किट बसवणारा रेट्रोफिटर यांच्यावर आहे. रेट्रोफिटरचा समावेश महत्त्वाचा, कारण मागाहून बसवलेल्या सीएनजी किटमुळे मूळ नळीची वाट बदललेली असते, आणि अशी गाडी रिकॉलला आली की दोष कोणाचा यावर काउंटरवरच वाद पेटतो. उंदरांनी कुरतडलेल्या नळीबाबत असा वाद नाही. ती रिकॉलमध्ये कधीच बसत नाही. जुलै २०२१मध्ये महिंद्रने नाशिकच्या कारखान्यातील सहाशेच्या आत डिझेल गाड्या तपासायला घेतल्या, तेव्हा तर संशय नळीवर नव्हताच. कारखान्याला मिळालेले इंधनच दूषित असल्याची शक्यता होती.

२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमुळे जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या व गॅस्केट लवकर खराब होतात का, यावर सध्या मतभेद आहेत. एप्रिल २०२३पासून बनलेल्या गाड्यांचे भाग या इंधनाला साजेसे असणे अपेक्षित आहे. त्याआधीच्या गाड्यांत काही रबरी भाग वेळेआधी बदलावे लागू शकतील, पण तो नेहमीच्या सर्व्हिसिंगचा भाग मानावा, अशी सरकारी भूमिका आहे. ही भूमिका कायम राहिल्यास असा बदल रिकॉलच्या व्याख्येबाहेर राहील आणि त्याचे बिल मालकाच्या नावे निघेल.