पानं गळाली की जीपीएस सुधारतं!

मोबाइलचं जीपीएस चालू असलं की सॅटेलाइट वरून आपल्याला बघत असतो, असा एक फॉरवर्ड फिरतोय. साफ खोटं आहे हे. 20,200 किमी वरून तो फक्त स्वतःची वेळ आणि जागा सांगत असतो, फोन नुसता ऐकतो आणि सिग्नल यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर काढतो (ॲप तुमचं लोकेशन नेटवरून पुढे पाठवतं तो वेगळा विषय). वेळेत एक मायक्रोसेकंद चुकला की अंतर 300 मीटरने चुकतं, आणि फोनचं घड्याळ साधं असल्यामुळे त्याची चूक काढायला तीनऐवजी चार सॅटेलाइट लागतात.

2 मे 2000 ला अमेरिकेने या सिग्नलमधली, जागा नीट कळू नये म्हणून मुद्दाम घातलेली गडबड काढून टाकली, दुसऱ्याच दिवशी ऑरेगनमध्ये एकाने जंगलात बादली ठेवून तिच्या जागेचे आकडे (अक्षांश-रेखांश) इंटरनेटवर टाकले, आणि जिओकॅशिंग सुरू झालं. लपवलेला डबा शोधायचा, आतल्या वहीत नाव लिहायचं, डबा होता तिथेच ठेवायचा.

अमेरिकेतल्या मिनिआपोलिसला मिसिसिपी नदीच्या घळीतल्या पायवाटेवर हा खेळ खेळायचा तर मी म्हणेन हिवाळ्यातच जा. उन्हाळ्यात तिथे कॉटनवुड आणि मेपलची गच्च पानं असतात, पानात पाणी असतं, आणि पाण्याच्या रेणूला एका टोकाला धन नि दुसऱ्या टोकाला ऋण भार असल्यामुळे रेडिओ लहर आली की तो तिच्या तालावर वळायला बघतो, शेजारच्या रेणूंना घासतो, त्यात लहरीची ऊर्जा उष्णता होऊन जाते, पानातले क्षार त्यात अजून भर घालतात. मुळातच दुबळा सिग्नल अजून दुबळा होतो, मग कड्यावर आपटून उशिरा आलेला त्याचा परावर्तित भाऊ त्याच्यात मिसळतो, फोनला अंतर जास्त वाटतं आणि डब्याची दिशा दाखवणारा फोनवरचा बाण नाचायला लागतो. हिवाळ्यात पानं तर जातातच, शिवाय उणे 10 ला खोडातलं बरंचसं पाणीही गोठतं, आणि बर्फात रेणू जखडलेले असल्यामुळे ते या फ्रिक्वेन्सीला फारसं काही शोषत नाहीत! मला यातली हीच गोष्ट सगळ्यात भारी वाटते. कोरडा भुसभुशीत बर्फ फांद्यांवर असला तरी चालतो, ओला मात्र त्रास देतो.

कडा अर्धं आकाश झाकतो, त्याला ऋतूचा काही इलाज नाही. थंडीत बॅटरी मान टाकते, तेव्हा फोन आतल्या खिशात ठेवा. आणि डब्याचे आकडे अंश आणि मिनिटांत (एका अंशाची 60 मिनिटं), मिनिटाच्या तीन दशांश स्थळांपर्यंत देतात, म्हणजे उत्तर-दक्षिण सुमारे 1.85 मीटर, पण फोनची चूक त्याहून मोठी असते, म्हणून शेवटच्या पाच-दहा मीटरला बाणाकडे बघू नका, ओंडक्यांखाली आणि दगडांच्या फटीत शोधा.