उरलेली व्हॅलेंटाइन चॉकलेटे आणि पाण्याचा हिशेब

अमेरिकेत 14 फेब्रुवारी उलटला की हृदयाच्या आकाराच्या खोक्यांतील चॉकलेटे आणि संदेश छापलेल्या रंगीत साखरगोळ्या घरोघरी उरतात, आणि त्या केकमध्ये, ब्राउनीत किंवा पुडिंगमध्ये घालून संपवण्याच्या पाककृतींना ऊत येतो. यांतील बऱ्याच कृती सगळ्या मिठाया एकाच मापाने मोजतात. वास्तविक प्रत्येक मिठाईचे पाण्याशी असलेले नाते वेगळे असते आणि ती कोणत्या पदार्थात शोभेल, हे बरेचसे त्यावरूनच ठरते.

चॉकलेट म्हणजे कोको बटर या स्निग्ध पदार्थात विखुरलेले साखरेचे आणि कोकोचे अतिसूक्ष्म कण. त्यात पाणी जवळजवळ नसतेच. म्हणून ते वितळवताना भांड्याला राहिलेले दोन-चार थेंबही महागात पडतात. त्या थेंबांनी साखरेचे कण ओले होऊन एकमेकांना चिकटतात आणि गुळगुळीत, चकचकीत रसाचा पाहता पाहता घट्ट, रवाळ गोळा होतो. तो फेकून देण्याचे काहीच कारण नाही, कारण यावरचा उपाय म्हणजे आणखी पाणी. चमचाभर गरम पाणी किंवा दूध घालून ढवळावे, पुन्हा चमचाभर घालावे. पुरेसे पाणी मिळाले की साखर विरघळते, स्निग्धांश बारीक थेंबांच्या रूपाने पाण्यात पसरतो आणि चॉकलेटमधील लेसिथिन हा पाणी आणि स्निग्धांश जुळवून ठेवणारा घटक ते थेंब एकत्र येऊ देत नाही. गरम साय आणि डार्क चॉकलेट समान वजनाने मिसळून होणारे गनाश याच तत्त्वावर उभे आहे.

फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ एर्वे तिस यांनी हाच विचार टोकाला नेला. घोटलेल्या सायीत जर पाणी, स्निग्धांश आणि हवा एवढेच मुख्य घटक असतील, तर साय वगळून चॉकलेट आणि पाणी यांच्यापासूनच तसा फेस का होऊ नये, असा त्यांचा प्रश्न होता. भरपूर कोको असलेले 100 ग्रॅम डार्क चॉकलेट साधारण 80 मिलीलीटर गरम पाण्यात वितळवून, ते भांडे बर्फात ठेवून घोटले की मिश्रण थंड होताना कोको बटरचे स्फटिक हवेच्या बुडबुड्यांभोवती जमू लागतात आणि अंडे वा साय न वापरता मूस, म्हणजे हलका फेसाळ गोड पदार्थ, तयार होते. मिल्क चॉकलेटमध्ये कोको बटर कमी असल्याने पाणीही कमी घ्यावे लागते. फार घोटल्यास मूस रवाळ होते. तेव्हा मिश्रण पुन्हा वितळवून सुरुवात करावी. माझ्या मते उरलेल्या साध्या चॉकलेटचा याहून चांगला उपयोग नाही. कॅरमेल किंवा फळांचे सारण असलेली चॉकलेटे मात्र यात घालू नयेत, कारण सारणातील पाणी आणि साखर सगळे प्रमाण बिघडवतात. ती अख्खीच ब्राउनीच्या मिश्रणात दडपून भाजलेली बरी.

खोक्यातील सर्वांत नवलाची वस्तू म्हणजे आत चेरी आणि पातळ पाक असलेले चॉकलेट. हा पाक आत ओतलेला नसतो. चेरीवर फॉन्डंटचे, म्हणजे साखरेच्या घट्ट लगद्याचे, आवरण देऊन ती चॉकलेटमध्ये बुडवतात. फॉन्डंटमध्ये मिसळलेले इन्व्हर्टेज हे विकर पुढील काही दिवसांत सुक्रोजचे, म्हणजे साध्या साखरेचे, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांत विघटन करते. फ्रुक्टोज पाण्यात कितीतरी अधिक विरघळत असल्याने आतल्या मोजक्याच पाण्यात घट्ट फॉन्डंटचा पाक होतो. असे चॉकलेट वितळवायला घेतले तर तो पाक फुटून सगळ्या चॉकलेटचा रवाळ गोळा करील. ते आइस्क्रीमवर अख्खे ठेवावे.

साखरगोळ्यांची गोष्ट निराळी आहे. बॉस्टनच्या ऑलिव्हर चेस यांनी 1847 मध्ये औषधी वड्या कापण्याचे यंत्र बनवले, त्यांचे बंधू डॅनिएल यांनी 1866 मध्ये मिठाईवर अक्षरे छापण्याची युक्ती काढली आणि 1902 पासून हृदयाच्या आकाराच्या गोळ्या निघू लागल्या. त्या जवळजवळ निव्वळ साखरेच्या असतात, स्निग्धांश नाममात्र, त्यामुळे त्या चॉकलेटप्रमाणे वितळत नाहीत, आणि केकच्या ओल्या मिश्रणात घातल्यास अर्धवट विरघळून रंगाचे ओघळ तेवढे सोडतात. मिक्सरमध्ये त्यांची वस्त्रगाळ पूड करून ती लोण्याच्या आयसिंगमध्ये पिठीसाखरेच्या काही भागाऐवजी वापरणे योग्य. पूड जाडसर राहिली तर लोण्यातल्या जेमतेम पाण्यात ती विरघळत नाही आणि दाताखाली कचकचते. अख्ख्या गोळ्या सायीवर लावायच्या असल्यास वाढण्याच्या क्षणीच लावाव्यात. अशा गोळ्यांत बहुधा जिलेटिन असते, हे शाकाहारी घरांनी ध्यानात ठेवावे.

महिनाभर पडून राहिलेल्या चॉकलेटवर कधी पांढुरकी छटा येते. ती बुरशी नव्हे. कोको बटरचे सहा प्रकारचे स्फटिक मानले जातात. त्यांपैकी सुमारे 34 अंश सेल्सियसला वितळणारा पाचवा प्रकार चॉकलेटला चमक आणि तोडताना होणारा टणत्कार देतो, तर उष्णतेच्या चढउतारांत स्निग्धांश पृष्ठभागावर येऊन वेगळ्या रूपात गोठला की ही छटा दिसते. वितळवल्यावर जुने स्फटिक नाहीसे होत असल्याने असे चॉकलेट गनाश किंवा मूससाठी निःशंकपणे वापरता येते; स्ट्रॉबेरीवर चकचकीत आवरण हवे असेल, तरच ते काळजीपूर्वक थंड करून डार्क चॉकलेटच्या बाबतीत 31-32 अंशांवर आणण्याची खटपट करावी लागते, आणि त्याआधी स्ट्रॉबेरी पूर्ण कोरड्या कराव्या लागतात.