मिश्रीला तंबाखू म्हणायचं का?

निपाणीकडच्या एखाद्या आठवीतल्या पोराला विचारा, "घरात कोण तंबाखू खातं?" तो सरळ "नाही" म्हणेल. मग विचारा, "आजी दात कशानं घासते?" "मिश्रीनं की!"

पोर खोटं बोललेलं नसतं. तव्यावर काळी होईपर्यंत भाजून पूड केलेली तंबाखू म्हणजेच मिश्री, आणि तिच्यातलं निकोटीन तोंडाच्या अस्तरातून रक्तात जातं. पण बऱ्याच घरांत ती दंतमंजनाच्या खात्यात जमा असते. म्हणून शाळेतल्या पोरांच्या आरोग्य सर्वेक्षणाच्या प्रश्नावलीत मिश्री, मावा, गुटखा अशी नावं घेऊनच विचारावं लागतं. बेळगाव-खानापूरकडे तर कन्नड आणि मराठी, दोन्ही प्रतींत तो प्रश्न सारखाच कळायला हवा.

जागतिक आरोग्य संघटनेचं शालेय विद्यार्थ्यांचं आरोग्य सर्वेक्षण २००३ पासून देशोदेशी होतंय. भारतात २००७ साली ते सीबीएसईच्या शाळांत झालं. ते आकडे सीमाभागातल्या मराठी शाळांना जसेच्या तसे चिकटवता येणार नाहीत. या सर्वेक्षणात आहार, व्यायाम, मारामाऱ्या, एकटेपणा, व्यसनं असं बरंच येतं. "तू सिगारेट ओढतोस का?" असं न विचारता "गेल्या ३० दिवसांत किती दिवस ओढलीस?" असं विचारतात. पहिल्या प्रश्नाला कबुली द्यावी लागते, दुसऱ्याला नुसते दिवस मोजायचे.

कागदावर नाव नसतं. तरी गुरुजी बाकांमधून फिरत राहिले तर कोण खरं लिहील? मी तरी लिहिलं नसतं.

शाळा निवडताना पट मोठा तिला संधी जास्त. मग त्या शाळेतले वर्ग चिठ्ठी टाकल्यासारखे निवडायचे आणि अख्खा वर्ग बसवायचा. "हुशार पोरं पाठवू का?" याला जागाच उरत नाही. एकाच पोराच्या कागदावर एके ठिकाणी "कधीच ओढली नाही" आणि पुढे "पहिली बाराव्या वर्षी", असं असलं तर ती विसंगत उत्तरं गाळतात.

एक भोक मात्र बुजत नाही. "गेल्या ३० दिवसांत किती दिवस न सांगता शाळा बुडवलीस?" असाही प्रश्न त्यात असतो. ज्यानं सगळ्यांत जास्त बुडवली, तो सर्वेक्षणाच्या दिवशीही बहुधा वर्गात नसतो.