झोपायची वेळ कुणी ठरवायची? इंग्लंडमधल्या व्यक्तिकेंद्री काळजीची पार्श्वभूमी

फेब्रुवारी 2022मध्ये ब्रिटनने केअर वर्करचं काम व्हिसाच्या यादीत घेतलं आणि जुलै 2025मध्ये परदेशातून नवी माणसं आणणं बंद केलं. मधल्या साडेतीन वर्षांत आपल्याकडची मुलंमुलीही इकडच्या केअर होममध्ये कामाला आली. आल्या-आल्या ट्रेनिंगमध्ये त्यांच्या कानावर एक शब्द पडतो, ‘पर्सन-सेंटर्ड केअर’, म्हणजे त्या-त्या माणसाची इच्छा मध्ये ठेवून केलेली, व्यक्तिकेंद्री काळजी. केअर सर्टिफिकेट या नव्या माणसांच्या प्राथमिक प्रशिक्षणातल्या निकषांमध्ये त्याचा क्रमांक पाचवा. बहुतेक जण व्याख्या पाठ करतात, चौकटीत खूण करतात आणि शिफ्टला पळतात. त्यांचा दोष नाही, कारण हा शब्द कुठून आला ते त्यांना कुणी सांगतच नाही. ऐकताना तो एखाद्या मॅनेजरने सभेत काढलेला शब्द वाटतो. प्रत्यक्षात तो व्हीलचेअरवर बसलेल्या काही माणसांनी भांडून मिळवलेला आहे, आणि त्या भांडणात एक साधा प्रश्न सतत येत राहिला: रात्री किती वाजता झोपायचं हे कुणी ठरवायचं?

सुरुवात 1834च्या गरिबांच्या कायद्यापासून करावी लागते. ज्याला कुणाचा आधार नाही त्याने वर्कहाउसमध्ये, म्हणजे गरिबांना ठेवायच्या संस्थेत, जायचं, आणि आतलं जिणं बाहेरच्या सर्वांत गरीब मजुरापेक्षाही हलकं असलं पाहिजे, म्हणजे कुणी उगाच आत येणार नाही, असं त्यामागचं तत्त्व होतं. पुरुष एकीकडे, बायका दुसरीकडे. नवरा-बायकोचीही ताटातूट. अंगावर संस्थेचे कपडे, घंटेवर उठायचं, घंटेवर जेवायचं. म्हाताऱ्या इंग्रजांच्या मनात या जागेची धास्ती किती खोल होती, ते इथल्या केअर होममध्ये काम करताना मी अजून पाहते. आमच्याकडे नव्वदी पार केलेल्या एक बाई आल्या तेव्हा पहिले काही दिवस पर्स छातीशी धरून बसायच्या. त्यांच्या लहानपणी गावातल्या मोठ्या दगडी इमारतीकडे बोट दाखवून आई म्हणायची, ‘तिथे जायची वेळ येऊ नये.’ आमचं केअर होम त्या इमारतीत नाही, पण त्यांना तसंच वाटत होतं.

5 जुलै 1948 रोजी, राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली त्याच दिवशी, नॅशनल असिस्टन्स ॲक्ट लागू झाला आणि गरिबांचा कायदा संपला. आरोग्यमंत्री अन्युरिन बेव्हन यांची कल्पना सुंदर होती. वर्कहाउसचा मास्टर आणि त्याच्या हाताखालची माणसं हे नातं जाऊन हॉटेलचा मॅनेजर आणि पाहुणे असं नातं यावं. पण युद्धाने खंक झालेल्या देशात नव्या इमारती बांधायला पैसा आणि विटा कुठल्या? पाटी बदलली, भिंती त्याच राहिल्या. समाजशास्त्रज्ञ पीटर टाउनसेंड यांनी दहा वर्षांनी इंग्लंड आणि वेल्समधली 173 वृद्धगृहं पाहिली. 1962मध्ये त्यांनी जे प्रसिद्ध केलं त्यात जुन्या वर्कहाउसमध्येच राहणारे हजारो म्हातारे होते, रांगेने मांडलेल्या खाटा होत्या, स्वतःचं म्हणावं असं काही नसलेली माणसं होती. लोकांना त्यांच्याच घरी मदत द्या, हे टाउनसेंड तेव्हाच सांगत होते.

त्या 1948च्या कायद्यात आणखी एक मेख होती. अपंग माणसाला सेवा द्यायला कौन्सिलला, म्हणजे स्थानिक प्रशासनाला, मुभा होती, पण त्याच्या हातात रोख पैसे देता येत नव्हते. ही अट पुढे जवळजवळ पन्नास वर्षं नडली.

आता हॅम्पशरमधल्या ल कोर्ट नावाच्या घराकडे वळू, कारण या गोष्टीचा जीव तिथे आहे. लेनर्ड चेशायर हे ब्रिटिश हवाई दलातले नामांकित वैमानिक, नागासाकीवरचा अणुबॉम्ब विमानातून पाहिलेले. 1948मध्ये कॅन्सरने मरायला टेकलेल्या आर्थर डाइक्स नावाच्या माणसाला ठेवून घ्यायला कुणी तयार नव्हतं, तेव्हा चेशायर यांनी त्याला ल कोर्टमध्ये आणलं आणि स्वतःच्या हाताने त्याची शुश्रूषा केली. त्यातून चेशायर होम उभी राहिली. त्यानंतरच्या दशकभरात ते भारतात आले आणि मुंबईत अंधेरीलाही असं घर सुरू झालं, त्यामुळे मुंबईकरांना हे नाव परकं नाही.

चेशायर यांच्या मायेबद्दल मला शंका नाही. पण माया करणाऱ्या माणसाच्या घरातही नियम तयार होतात. पॉल हंट हा तरुण 1956मध्ये ल कोर्टला राहायला आला. स्नायूंच्या आजारामुळे तो व्हीलचेअरवर होता, वय एकोणीसच्या आसपास. त्याच्यासारखी बुद्धी तल्लख असलेली, शरीर साथ न देणारी अनेक माणसं तिथे होती. झोपायची वेळ, टीव्ही किती वाजेपर्यंत पाहायचा, बाहेर जायला परवानगी घ्यायची का, अशा गोष्टींवरून त्यांचे आणि व्यवस्थापनाचे खटके उडू लागले. तिशी-चाळिशीतल्या माणसाला संध्याकाळीच पलंगावर टाकलं जात असेल, तर त्याने चिडू नये तर काय करावं?

या माणसांनी स्वतःहून संशोधकांना बोलावलं. टॅव्हिस्टॉक संस्थेचे दोन संशोधक आले, पाहून गेले, आणि 1972मध्ये छापलेल्या अहवालात त्यांनी लिहिलं की इथे येणारी माणसं समाजाच्या दृष्टीने मेल्यातच जमा असतात. समाजातलं मरण आणि शरीराचं मरण यांमधला काळ निभावून नेणं हे अशा संस्थांचं काम. ज्यांनी आशेने दार उघडलं त्यांच्याबद्दल हे लिहिलं गेलं. हंट यांना ते इतकं लागलं की पुढे त्यांनी अशा तज्ज्ञांना बांडगुळं म्हटलं. मला तो शब्द कडक वाटत नाही.

तोवर हंट लग्न करून ल कोर्टमधून बाहेर पडले होते आणि लंडनला राहत होते. 20 सप्टेंबर 1972 रोजी ‘गार्डियन’मध्ये त्यांचं एक छोटं पत्र आलं. संस्थांमध्ये अडकलेल्या अपंगांनी एकत्र येऊ या, एवढंच त्याचं सार. त्यातून अपंगांची एक संघटना उभी राहिली. दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णद्वेषाविरुद्ध लढल्यामुळे तुरुंग भोगून आलेले व्हिक फिंकेलस्टीन तिच्यात होते. या मंडळींनी 1976मध्ये मांडलेलं म्हणणं असं की आम्हाला अपंग करतो तो समाज: जिना समाजाने बांधला, दार अरुंद समाजाने ठेवलं. हंट 1979मध्ये गेले, बेचाळिसाव्या वर्षी.

त्याच 1979मध्ये ल कोर्टमधल्या काही जणांनी ठरवलं की 1981पर्यंत, म्हणजे आंतरराष्ट्रीय अपंग वर्षापर्यंत, आपण इथून बाहेर पडायचं. योजनेला नाव दिलं ‘प्रोजेक्ट 81’. जॉन इव्हान्स हे त्यांच्यातले एक. कॅलिफोर्नियातल्या बर्कलेमध्ये अपंग स्वतंत्र राहतात, मदतनीस स्वतः नेमतात, हे त्यांना कळलं होतं. इकडे प्रश्न पैशांचा. त्यांच्या राहण्यापोटी कौन्सिल दर महिन्याला संस्थेला पैसे देतच होती. तेच पैसे आम्हाला द्या, आम्ही आमचा मदतनीस नेमू, असं ते म्हणत होते. पण 1948च्या कायद्याची मेख आड आली. मग तोडगा निघाला तो असा: कौन्सिलने पैसे संस्थेला द्यायचे, संस्थेने ते बाहेर राहायला गेलेल्या माणसाला द्यायचे. कायदा मोडला नाही आणि माणूस सुटला. एकेक जण आपापल्या घरात राहायला गेला. मदतनीस किती वाजता यायचा, हे आता तो स्वतः सांगत होता.

हे पैसे थेट देण्याचा कायदा 1996मध्ये झाला, 1997च्या एप्रिलपासून लागू झाला. तोही आधी 65 वर्षांखालच्यांनाच. म्हाताऱ्यांना 2000पर्यंत थांबावं लागलं. आज ‘डायरेक्ट पेमेंट’चा फॉर्म भरून देताना मला ल कोर्ट आठवतं.

बौद्धिक अपंगत्व असलेल्यांची कहाणी याहून काळी आहे. कार्डिफच्या ईली रुग्णालयातल्या छळाची चौकशी जेफ्री हाउ यांनी केली, अहवाल 1969चा. त्यानंतर मोठी रुग्णालयं बंद करायचं धोरण आलं, आणि 2001मध्ये सरकारने प्रत्येकाचं नियोजन त्या व्यक्तीला मध्ये ठेवून करायचं असं जाहीर केलं. तरी 2011मध्ये ब्रिस्टलजवळच्या विंटरबोर्न व्ह्यू या खासगी रुग्णालयातल्या छळाचं छुपं चित्रीकरण बीबीसीवर दिसलं. अकरा कर्मचारी दोषी ठरले, सहा तुरुंगात गेले. ते दृश्य मी एकदाच पाहिलं आहे, पुन्हा पाहवणार नाही.

पण जो स्वतः पत्र लिहू शकत नाही, संघटना काढू शकत नाही, त्याचं काय? डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, झालेल्यांसाठी हे काम टॉम किटवुड यांनी केलं. ब्रॅडफर्ड विद्यापीठातले हे मानसशास्त्रज्ञ तासन्‌तास केअर होममध्ये बसून पाहायचे की माणसाशी कोण कसं वागतं. त्यांनी एक यादी केली, सतरा गोष्टींची. लहान मुलासारखं बोलणं, त्याच्यादेखत त्याच्याबद्दल तिसऱ्याशी बोलणं, त्याला झेपणार नाही इतक्या घाईने सगळं उरकणं, फसवणं, शिक्के मारणं. यातलं काहीच दुष्टपणाने केलं जात नाही, हे त्यांनी आवर्जून सांगितलं. चांगली माणसं घाईत हेच करतात. आणि माणूसपण म्हणजे काय, तर आपल्या नात्यातून दुसऱ्यांनी आपल्याला दिलेलं स्थान, असं ते 1997मध्ये लिहून गेले. पुढच्याच वर्षी ते वारले.

यादीतला ‘शिक्का’ मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला आहे. आमच्या एका आधीच्या ठिकाणी मराठी आजी होत्या, चाळीसेक वर्षं इंग्लंडमध्ये काढलेल्या. डिमेन्शियात त्यांचं इंग्रजी आधी गेलं. केअर प्लॅनमध्ये, म्हणजे कुणाची काळजी कशी घ्यायची त्या टिपणात, त्यांच्याबद्दल लिहिलेलं: ‘चमचा-काटा नाकारतात. जेवणाच्या वेळी आक्रमक.’ मी दुसऱ्या मजल्यावर होते. एकदा माणसं कमी म्हणून मला खाली पाठवलं. भरवणारी मुलगी चमचा तोंडाजवळ नेत होती आणि आजी तिचा हात झिडकारत होत्या. मी जवळ बसले आणि म्हटलं, ‘आजी, हात धुवायचे का?’ त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला आजही ते डोळे दिसतात. ‘अगं, कधीची सांगतेय मी,’ म्हणाल्या. कोमट पाण्याचं भांडं आणलं, हात धुतले, पुसले. त्यांनी स्वतःच्या हाताने भात कुस्करला आणि सगळा जेवल्या. चार महिने तो चमचा त्यांच्या तोंडाशी जात होता. चारही महिने नोंदी व्यवस्थित होत्या, सह्या होत्या, वेळा होत्या.

कायद्यात हे सगळं हळूहळू उतरलं. 2005च्या मेंटल कपॅसिटी ॲक्टने सांगितलं की प्रौढ माणसाला निर्णय घेता येतो असं धरूनच चाला, आणि त्याचा निर्णय तुम्हाला शहाणपणाचा वाटला नाही एवढ्यावरून त्याची क्षमता गेली असं म्हणू नका. आपल्याकडे आईवडिलांचं सगळं मुलं ठरवतात आणि त्याला प्रेम म्हणतात. हे कलम पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला माझ्याच घरातल्या दोन-तीन गोष्टी टोचल्या. 2014च्या केअर ॲक्टचं तर पहिलंच कलम आहे माणसाच्या भल्याबद्दल. आपलं भलं कशात आहे हे ती व्यक्तीच सर्वांत चांगलं जाणते असं गृहीत धरून सुरुवात करा, असं त्यात लिहिलं आहे. एप्रिल 2015पासून सेवा देणाऱ्या प्रत्येक संस्थेला नियम 9 लागू झाला, ‘व्यक्तिकेंद्री काळजी’ याच नावाचा. केअर क्वालिटी कमिशन या नियामक संस्थेचे तपासनीस येतात ते त्याच्या आधारे.

तरी कायदा कुठे थांबतो हेही पाहायला हवं. एलेन मॅकडोनल्ड या स्कॉटिश बॅलेच्या एके काळच्या अग्रगण्य नर्तिका. पक्षाघातानंतर त्यांना रात्री शौचालयात जायला कुणाची तरी मदत लागायची. त्यांना मूत्रावर ताबा नव्हता असं नाही, फक्त एकटीने उठता येत नव्हतं. लंडनच्या कौन्सिलने रात्रीचा मदतनीस काढून पॅड, म्हणजे मोठ्यांचं डायपर, वापरा असं सांगितलं, खर्च वाचावा म्हणून. 2011मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी कौन्सिलची बाजू घेतली. एकट्या लेडी हेल विरोधात गेल्या. 2014मध्ये युरोपियन मानवी हक्क न्यायालयाने फक्त एका मर्यादित काळापुरतं बाईंच्या बाजूने मत दिलं. रात्रपाळीत कुणी ‘पॅड आहे ना, मग थांबू दे’ म्हटलं की मला ही बाई आठवते.

मग कोविड आला. केअर होमची दारं बंद झाली आणि काहींचे नवरे, बायका, मुलं काचेपलीकडून हात हलवत राहिली. घरच्यांनी पुढे चिकाटीने मागणी लावून धरली. एप्रिल 2024पासून नियम 9अ आला: भेटायला येणाऱ्या माणसाला अपवादात्मक कारणाशिवाय अडवता येणार नाही.

आणि झोपायची वेळ? ती आजही बऱ्याच ठिकाणी रोटा, म्हणजे पाळ्यांचा तक्ता, ठरवतो. दिवसपाळी आठला संपते, रात्री माणसं निम्म्याने कमी. हॉइस्टला, म्हणजे माणसाला उचलून पलंगावर ठेवायच्या यंत्राला, दोघं लागतात. म्हणून हॉइस्ट लागणाऱ्यांना साडेसातच्या आत पलंगावर न्यायची सवय पडते, आणि केअर प्लॅनमध्ये लिहिलं जातं, ‘लवकर झोपणं आवडतं.’ आमच्याकडच्या एका आजोबांना दहाच्या बातम्या पाहायच्या असायच्या, आयुष्यभराची सवय. गेल्या हिवाळ्यात त्यांच्या मुलीने आणि आम्ही काही जणींनी मिळून मॅनेजरपुढे ते मांडलं. तीन बैठका झाल्या. आता एकीची पाळी दुपारी दोनला सुरू होते आणि साडेदहाला संपते. आजोबांच्या प्लॅनमध्ये मी स्वतः लिहिलं: ‘दहाच्या बातम्या, हवामानासकट. त्यानंतर विचारावे.’