लूप बारीक आला? नमुना परत पाठवण्याआधी हे वाचा

आमच्या प्रयोगशाळेत फेरोइलेक्ट्रिक थिन फिल्मचे, म्हणजे व्होल्टेज देऊन ज्यांचं विद्युत ध्रुवीकरण (पोलरायझेशन) उलटवता येतं अशा पातळ थरांचे, नमुने मोजायला पाठवणाऱ्यांचा एक फोन हमखास येतो. विषय असतो लूपचा, म्हणजे व्होल्टेज मागेपुढे फिरवत काढलेल्या पोलरायझेशनच्या आलेखाचा. "आधी दुसरीकडे मोजलं तेव्हा लूप चांगला भरलेला होता, तुमच्याकडे निम्माही नाही. पुन्हा मोजता का?" आम्ही पुन्हा मोजतो. आकडा तोच येतो आणि तुमचा आठवडा फुकट जातो.

लूप काढणारं यंत्र पोलरायझेशन थेट मोजत नाही, वाहून गेलेला प्रभार मोजतं. तो प्रभार डायपोल (पदार्थातल्या धन-ऋण प्रभारांच्या जोड्या) उलटल्यामुळे वाहिला की फिल्ममधून नुसताच गळला, हे त्याला कळत नाही. हिशोब करून पाहा. दर चौरस सेंटिमीटरला १ मिलिअँपिअर गळती सतत चालू असेल, तर १० हर्ट्झच्या अर्ध्या फेरीत, म्हणजे ५० मिलिसेकंदांत, ५० मायक्रोकूलोम प्रभार जातो. १ किलोहर्ट्झला हाच आकडा अर्ध्या मायक्रोकूलोमवर येतो. तुमचा भरलेला लूप बहुधा असाच भरलेला असतो. बिस्मथ फेराइट या फेरोइलेक्ट्रिकवर काम करणाऱ्यांनी तर विशेष जपावं. भट्टीत बिस्मथ उडून जातं, ऑक्सिजनच्या जागा रिकाम्या राहतात आणि गळती वाढते.

टोकं गोलाकार असलेल्या लूपवर विश्वास ठेवू नका, तो गळतीचा असतो. २००८ साली फेरोइलेक्ट्रिकचे संशोधक जे. एफ. स्कॉट यांनी चक्क केळ्याच्या सालीला इलेक्ट्रोड लावून असा बंद लूप काढून दाखवला होता, आणि साल काही फेरोइलेक्ट्रिक नसते.

फ्रिक्वेन्सी नुसती वाढवूनही भागत नाही, कारण डायपोल उलटायला लागणारं व्होल्टेजही तिच्याबरोबर वाढतं. म्हणून आम्ही पी-यू-एन-डी (पॉझिटिव्ह-अप-निगेटिव्ह-डाउन) या पल्सच्या पद्धतीने मोजतो. आधी एक ऋण पल्स देऊन सगळे डायपोल एका बाजूला वळवतो, मग सारख्याच दोन धन पल्स देतो. पहिलीत डायपोल उलटतात आणि गळतीही होते. दुसरीत उलटायला काही उरलेलं नसतं, गळती मात्र तेवढीच. वजाबाकी केली की खरा आकडा उरतो. पुढे ऋण बाजूलाही तसंच. आकडा लहान दिसतो हे खरं, पण परीक्षकाच्या प्रश्नापुढे तो टिकतो.

या मोजणीचे आम्ही वेगळे पैसे घेत नाही. प्रत्येक अहवालात लूपसोबत करंट-व्होल्टेज आलेखही देतो. त्यावर दोन्ही बाजूंना करंटचा उंचवटा दिसला, तर डायपोल खरोखर उलटत आहेत असं समजा.

नमुना पाठवताना खालच्या इलेक्ट्रोडचा एक कोपरा उघडा ठेवा. वरचे इलेक्ट्रोड म्हणून हाताने सिल्व्हर पेस्टचे ठिपके लावू नका. ठिपक्याचं क्षेत्रफळ कळत नाही आणि पेस्ट छिद्रांतून झिरपून फिल्म शॉर्ट होते. ठिपक्यांसाठी मास्क (भोकांचा साचा) नसेल तर कोरी फिल्म पाठवा, प्लॅटिनमचे ठिपके आम्ही लावून देऊ.