फिरत्या कोड्यांचे सिम्युलेटर

रुबिक क्यूब आणि त्याच्या जातीची थर फिरवून सोडवायची कोडी पडद्यावर खेळू देणारे संगणकीय प्रोग्रॅम.

संगणकाला ३×३×३ क्यूब म्हणजे ५४ स्टिकरांची यादी. एक बाजू पाव फेरा फिरवली की २० स्टिकर जागा बदलतात : आठ त्या बाजूवरचे, बारा शेजारच्या चार बाजूंचे. कोणता स्टिकर कुठे जातो याचा तक्ता प्रत्येक चालीसाठी एकदा केला की उरते ते चित्रकाम. काप तिरके असले आणि तुकडे एकमेकांना अडवू लागले, की मात्र तक्ता पुरत नाही. थर कुठून कापले जातात याचे भूमितीय गणित करावे लागते.

खेळण्याची रीत बहुधा किबोर्डची. एका प्रचलित मांडणीत ‘जे’ दाबली की वरचा थर घड्याळाच्या दिशेने फिरतो, ‘एफ’ने उलटा, ‘आय’ आणि ‘के’ उजव्या थरासाठी. हातातल्या क्यूबचा कोपरा जोर लावून जागीच पिळता येतो आणि मग क्यूब कितीही फिरवला तरी सुटत नाही. इथे ती लबाडी नाही, स्टिकर उपटून चिकटवणेही नाही. चाल मागे घेण्याची सोय मात्र आहे.

सिम्युलेटरची खरी मजा हातात धरताच येत नाहीत अशा कोड्यांत आहे. डॉन हॅच, मेलिंडा ग्रीन आदींच्या ‘मॅजिकक्यूब४डी’मध्ये चार मितींचा ३×३×३×३ क्यूब सोडवायचा असतो. त्याच्या ‘बाजू’ म्हणजे चौरस नव्हेत, आठ घन. प्रत्येकावर २७, एकूण २१६ स्टिकर. पडद्यावर एका वेळी सातच घन दिसतात. स्टिकर कुठला निवडला यावर चाल ठरते : घनाच्या पृष्ठाच्या मधला असेल तर ९० अंश, कडेचा असेल तर १८०, कोपऱ्याचा असेल तर १२०. साध्या क्यूबच्या रचना सुमारे ४.३×१०¹⁹, याच्या सुमारे १.७६×१०¹²⁰. तरीही तो सोडवणारे आहेत. तीनच तुकडे आपसांत फिरवणारी चालींची मालिका एकदा सापडली की ती मॅक्रो म्हणून साठवायची आणि लागेल तिथे वापरायची, ही त्यांची नेहमीची युक्ती. रॉइस नेल्सन आणि चार्ली नेविल यांनी पुढे पाच मितींचाही क्यूब केला.

एरवी खेळणे आधी आणि सिम्युलेटर नंतर येतो. इथे क्रम उलटला : ग्रीन यांनी पुढे २×२×२×२ क्यूबचा लोहचुंबकांनी जोडलेला, हातात घेऊन फिरवता येणारा नमुना बनवला.